ब्लॉक संपला, नवी वाट सोडू नका

ठाणे स्थानकाच्या पाच-सहा क्रमांकाच्या फलाटाच्या रुंदीकरणासाठी मे २०२४च्या अखेरीस गुरुवारी मध्यरात्री सुरू झालेला ६३ तासांचा ब्लॉक रविवारी दुपारी संपला. ९३० लोकल रद्द झाल्या, सीएसएमटीला वेगळा ३६ तासांचा ब्लॉक लागला, हे आपण वाचलं आणि भोगलंही. ज्यांचा रोज बुडाला त्यांचं नुकसान कुठल्याही युक्तिवादानं भरून निघणार नाही. तरीही त्या तीन दिवसांत एक दुर्मीळ गोष्ट घडली. ठरलेली फास्ट, ठरलेला डबा, ठरलेला ग्रुप सोडून माणसं वेगळ्या वाटेला लागली. कोणी शीळफाट्यावरून गेलं, कोणी भिवंडीमार्गे.

अशा सक्तीच्या बदलाचा हिशोब लंडनमध्ये मांडला गेला आहे. फेब्रुवारी २०१४मध्ये तिथल्या भुयारी रेल्वेचा दोन दिवस संप झाला, निम्म्याहून अधिक स्थानकं बंद पडली. अर्थशास्त्रज्ञांनी प्रवाशांच्या कार्डांच्या नोंदी तपासल्या, तेव्हा दिसलं की संप मिटल्यावर शंभरातले सुमारे पाच जण जुन्या मार्गावर परतलेच नाहीत. वर्षानुवर्षं जाऊन-येऊनही आपल्या सोयीचा रस्ता त्यांना ठाऊक नव्हता. शोधायची वेळच आली नव्हती.

सवय मोडल्यावर रस्ता सापडला, पण नव्या कल्पनाही सुचतात का? नेदरलँड्समधल्या रॅडबाउड विद्यापीठात सिमोन रिटर आणि सहकाऱ्यांनी हे तपासलं. २०१२मध्ये प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगात काही जणांना आभासी जगात फिरवलं. तिथली बॅग जवळ गेलं की लहान दिसे, लांब गेलं की मोठी. बाहेर आल्यावर एकाच प्रश्नाची निरनिराळ्या प्रकारची उत्तरं त्यांना अधिक सुचली. दुसऱ्या गटानं तेच सगळं नुसतं पडद्यावर पाहिलं होतं. त्यांना हा लाभ मिळाला नाही. पुढे याच संशोधकांनी लोकांना नेहमीचा नाश्ता उलट्या क्रमानं बनवायला लावला. ब्रेडवर लोणी लावून चॉकलेटचे दाणे भुरभुरवण्याऐवजी दाणे आधी ताटलीत आणि ब्रेड त्यावर पालथा. एवढ्यानंही फरक पडला.

मला यातली ‘पाहणं’ आणि ‘करणं’ ही फारकत सर्वांत महत्त्वाची वाटते. लडाखचे व्हिडिओ पाहून डोकं ताजंतवानं होत नाही. हात गुंतावे लागतात.

याची आपल्याकडची सर्वांत बोलकी साक्ष ठाण्यातच आहे. १९६२पासून बालनाट्याचा ध्यास घेतलेले, ‘अलबत्या गलबत्या’चे लेखक रत्नाकर मतकरी २०१४मध्ये, पंचाहत्तरी गाठल्यावर, समता विचार प्रसारक संस्थेबरोबर ‘वंचितांचा रंगमंच’ उभा करायला निघाले. ठाण्यातल्या वस्त्यांमधल्या मुलांना त्यांनी नाटक दाखवण्यावर समाधान मानलं नाही. विषय मुलांचे, संवाद मुलांचे, अभिनयही त्यांचाच. ज्यांनी कधी रंगमंचावर पाऊल ठेवलं नव्हतं, त्यांनी आपल्या गल्लीतलं जगणं नाटकात आणलं. मतकरींसाठीही हा नवा अनुभवच होता. अर्धशतक लिहिलेल्या माणसानं लेखणी बाजूला ठेवून मुलांचं ऐकायचं ठरवलं, हे मला फार मोठं वाटतं. १७ मे २०२०ला ते गेले. वाट दाखवून गेले.

या वाटेला लागणारी साधनं आपल्याकडे जुनी आहेत. कल्याणचं सार्वजनिक वाचनालय १८६४चं, ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३चं. तिथल्या ज्या कपाटापाशी आपण कधी थांबलो नाही, तिथून या आठवड्यात एक पुस्तक घेता येईल. पण सगळा भार वाचकावर टाकणं बरोबर नाही. गडकरी रंगायतन, अत्रे रंगमंदिर, सावित्रीबाई फुले कलामंदिर ही नाट्यगृहं महापालिकांची आहेत. प्रयोग नसेल त्या दिवशी, महिन्यातून एकदा तरी, ती कधीच रंगमंचावर न चढलेल्यांसाठी विनामूल्य उघडा. गृहिणी, रिक्षाचालक, वस्तीतली मुलं, निवृत्त कारकून, कोणीही यावं आणि काहीतरी करून पाहावं.  ठाणे आणि कल्याण-डोंबिवली, दोन्ही महापालिकांनी ठरवलं तर हे होऊ शकतं.