पचत नाही, म्हणून निंदणी

जपानमध्ये ओकिनावाच्या उथळ प्रवाळभित्तीवर स्टेगॅस्टिस नायग्रिकन्स हा जेमतेम वीतभर लांबीचा डॅमसेल मासा तांबूस, लवेसारख्या शेवाळाचा एक तुकडा राखून असतो. तिथे चरायला आलेला पोपटमासा कितीही मोठा असो, हा त्याच्यावर तुटून पडतो. पण एवढ्यावरून त्याला शेतकरी ठरवणं घाईचं होईल. आपल्या ताटाची राखण कुत्राही करतो. खरी गंमत राखणीत नाही, निंदणीत आहे. नको ते शेवाळ उगवलं की मासा ते तोंडाने उपटतो, हद्दीबाहेर नेतो, थुंकतो आणि परत येतो. एवढा खटाटोप कशासाठी? त्याच्या पोटात अन्न दळणारा अवयव नाही आणि सेल्युलोज पचवणारी विकरंही नाहीत. चिवट शेवाळं त्याला निरुपयोगी. पॉलिसिफोनिया प्रजातीतलं मऊ, तंतुमय लाल शेवाळ तेवढं पचतं. म्हणजे या शेतीचं मूळ माशाच्या हुशारीत नसून त्याच्या नाजूक पोटात आहे, असं मला वाटतं.

निवडून तर शेळीही खाते, मग तिला शेतकरी का म्हणू नये, असं कुणी विचारेल. आक्षेप रास्त आहे. त्याचं उत्तर पिकाकडे पाहिल्यावर मिळतं. हिरोकी हाता आणि माकोतो काटो यांनी २००६ साली दाखवलं, की ओकिनावात या माशाच्या रानात वाढणारी पॉलिसिफोनियाची जात रानाबाहेर सापडतच नाही. मासा हटवला की इतर मासे ती फस्त करतात. त्यांनाही जाळीने अडवलं, तर दुसरी शेवाळं तिच्यावर चढतात. शेळी गेली म्हणून कुठलं झुडूप नामशेष होत नाही. आणि माशाला हेतू नाही म्हणावं, तर बुरशी पिकवणाऱ्या पानकाप्या मुंग्यांना तरी तो कुठे असतो?

याहून वजनदार आक्षेप याच संशोधकांच्या पुढच्या कामातून निघतो. इजिप्त, केनिया, मालदीवपासून ऑस्ट्रेलियाच्या ग्रेट बॅरिअर रीफपर्यंत याच माशाची रानं तपासली, तर पीक सगळीकडे एकच निघालं नाही. काही ठिकाणी चक्क मिश्र पीक होतं. मग ओकिनावातलं एकपीक हा निव्वळ योगायोग का? तसं वाटत नाही. पोट तेच, पण भोवतालची शेवाळं वेगळी. काय टाकायचं हे पोट ठरवतं; काय उरतं ते त्या त्या समुद्रावर अवलंबून.