पडद्यावरची शेवटची ओळ

शाळा-कॉलेजच्या कम्प्युटर लॅबमध्ये सर्व्हर अपडेट करायला निवांत सवड मिळते ती दिवाळीच्या सुट्टीत. अपडेट पार पडतं, सर्व्हर रीस्टार्ट होऊन नीट उभा राहतो आणि सांभाळणारा माणूस समाधानाने घरी जातो. सुट्टी संपते, मुलं येऊन बसतात आणि टेबलांवरची यंत्रं काळ्या पडद्यावर अडकलेली दिसतात. सर्व्हर ठणठणीत, क्लायंट मात्र बंद. अशा वेळी बहुतेकांचा संशय आधी केबलवर आणि मग यंत्रांच्या वयावर जातो. दोष मात्र पुष्कळदा कर्नलच्या जागेत असतो.

थिन क्लायंटला स्वतःची हार्ड डिस्क नसते, निदान वापरात तरी नसते. बटण दाबलं की नेटवर्क कार्डातला पीएक्सई नावाचा छोटा प्रोग्रॅम जागा होतो. तो डीएचसीपी या पत्ते वाटणाऱ्या सेवेकडे पत्ता मागतो आणि त्यासोबत कोणती फाइल उचलायची तेही विचारतो. मग टीएफटीपी या फाइल पोचवणाऱ्या सेवेवरून बूटलोडर येतो, त्याच्यामागून कर्नल, म्हणजे सिस्टिमचा गाभा, आणि इनिटआरडी, म्हणजे सुरुवातीपुरती छोटी फाइलसिस्टिम. इनिटआरडी रॅममध्ये उलगडतो, नेटवर्क कार्ड नव्याने चालू करतो आणि सर्व्हरवरची मूळ फाइलसिस्टिम जोडून घेतो. त्यानंतर कुठे लॉगिनचा पडदा दिसतो.

लिनक्सच्या जगात हे सगळं एका जागी बांधून देणारा प्रकल्प म्हणजे एलटीएसपी, लिनक्स टर्मिनल सर्व्हर प्रोजेक्ट. जिम मॅकक्विलन यांनी १९९९ मध्ये तो सुरू केला. २०१९ मध्ये ग्रीसच्या अल्किस जॉर्गोपुलोस यांनी तो मुळापासून नव्याने लिहिला. कर्नलची गल्लत समजून घ्यायला मात्र त्याआधीची पाचवी आवृत्तीच सोयीची आहे.

त्या आवृत्तीत क्लायंटची पूर्ण सिस्टिम सर्व्हरवर ऑप्ट/एलटीएसपी या फोल्डरात असते. तिच्या आत शिरून अपडेट चालवलं की नवा कर्नल तिथल्याच बूट फोल्डरात येऊन बसतो. क्लायंट मात्र तिथून काहीच उचलत नाही. तो कर्नल घेतो टीएफटीपीच्या फोल्डरातून आणि बाकी सिस्टिम घेतो आवळून ठेवलेल्या स्क्वॉशएफएस इमेजमधून. म्हणजे वस्तू तीन ठिकाणी आहेत आणि अपडेटने बदललं फक्त एक. इमेज बदलायला 'एलटीएसपी-अपडेट-इमेज' आणि टीएफटीपीतला कर्नल बदलायला 'एलटीएसपी-अपडेट-कर्नल्स' अशा दोन वेगळ्या कमांड चालवाव्या लागतात. नव्या एलटीएसपीत त्यांची नावं 'एलटीएसपी इमेज' आणि 'एलटीएसपी कर्नल' अशी सुटसुटीत झाली, पण काम तेच. अपडेट क्लायंटपर्यंत पोचतं ते या दोन्हींनंतर.

एक कमांड चालवली आणि दुसरी राहिली, तर होणारा बिघाड फसवा असतो. यंत्र सुरू होतं, लॉगिनही होतं, पण आवाज येत नाही, पेनड्राइव्ह ओळखला जात नाही. साउंडकार्ड गेलं असं समजून लोक ते बदलायला निघतात. त्याआधी क्लायंटवर 'यूनेम -आर' लिहावं. उत्तर ३.२.०-२३ असं आलं आणि लिब/मॉड्यूल्स फोल्डरात मात्र ३.२.०-२४ नावाचाच फोल्डर असला, तर हार्डवेअरला हात लावायचं कारण नाही. चालू कर्नल जुना आहे आणि त्याचे ड्रायव्हर इमेजमधून निघून गेले आहेत. आकड्यातल्या एवढ्याशा फरकानेही कर्नल दुसऱ्याचे मॉड्यूल घेत नाही.

यंत्र उभंच राहत नसेल, तर पडद्यावरची शेवटची ओळ वाचावी. मी तर म्हणेन, मोबाइलवर तिचा फोटो काढावा आणि मगच सर्व्हरला हात लावावा. पीएक्सई-ई५१ दिसलं, तर डीएचसीपीचं उत्तरच आलेलं नाही आणि तिथे कर्नलचा काही संबंध नाही. पुष्कळदा स्विचचा पोर्ट स्पॅनिंग ट्रीच्या नियमाने पहिली ३० सेकंद काहीच पुढे सोडत नाही आणि तोवर क्लायंट विचारून थकतो. त्या पोर्टवर पोर्टफास्ट चालू केलं की काम होतं. पीएक्सई-ई५३ म्हणजे पत्ता मिळाला पण फाइलचं नाव नाही. पीएक्सई-ई३२ म्हणजे नावही मिळालं, पण टीएफटीपी बोलत नाही. तिथे सेवा बंद आहे का किंवा फायरवॉल आड येतो आहे का ते पाहावं.

कर्नल आला, भराभर ओळी सरकल्या आणि कंसात 'इनिटरॅमएफएस' लिहिलेला बिझीबॉक्सचा प्रॉम्प्ट समोर आला, तर पुष्कळजण घाबरतात. मला तो प्रॉम्प्ट आवडतो, कारण तिथे प्रश्न विचारता येतात. 'आयपी लिंक' लिहावं. यादीत फक्त 'लो', म्हणजे यंत्राचा स्वतःशीच असलेला जोड, दिसलं, तर इनिटआरडीत त्या नेटवर्क कार्डाचा ड्रायव्हर नाही. इनिटरॅमएफएसच्या कॉन्फिग फाइलमध्ये मॉड्यूल्सपुढे 'डेप' लिहिलेलं असेल, तर ज्या यंत्रावर तो तयार झाला त्याच्यापुरतेच ड्रायव्हर त्यात भरले जातात. तिथे 'मोस्ट' करून इनिटआरडी पुन्हा बनवावा आणि टीएफटीपीत न्यावा. कार्ड दिसलं, पत्ताही मिळालेला असला, तर 'कॅट /प्रॉक/सीएमडीलाइन' लिहून कर्नलला सर्व्हरचा कोणता पत्ता आणि कोणता मार्ग सांगितला गेला ते पाहावं. सर्व्हरचा आयपी बदलला आणि जुनाच पत्ता कुठेतरी लिहिलेला राहिला, हा दोष इथे सापडतो.

इनिटआरडीच्या आकाराचाही प्रश्न असतो. टीएफटीपीचं पहिलं मानक १९८१ चं. त्यात फाइल ५१२ बाइटच्या तुकड्यांनी जाते आणि तुकड्याचा क्रमांक १६ बिटांचा असतो, म्हणून मूळ नियमाने सुमारे ३२ एमबीच्या पुढची फाइल जात नाही. तेव्हा ही मर्यादा अफाट वाटली असणार. आजचा इनिटआरडी ती सहज ओलांडतो. मोठे तुकडे ठरवून घेण्याची सोय १९९५ मध्ये आली, पण फार जुन्या कार्डांतल्या प्रोग्रॅमवर भिस्त ठेवू नये. आधी आयपीएक्सई हा नेटवर्कवरून बूट करणारा प्रोग्रॅम लोड करून पुढचं काम त्याच्याकडे द्यावं, तो एचटीटीपीवरूनही फाइल आणतो.

आणि जुन्या प्रोसेसरचा प्रश्न. उबुंटूने १२.१० पासून पीएई, म्हणजे जास्त रॅम हाताळण्याची सोय, नसलेल्या प्रोसेसरांसाठीचा कर्नल देणं थांबवलं. सुरुवातीच्या काही पेंटियम-एम यंत्रांवर नवा कर्नल 'पीएई नाही' एवढं सांगून थांबतो. असं यंत्र भंगारात देऊ नये असं मला मनापासून वाटतं. टायपिंग शिकणाऱ्या मुलाला ते अजून पुरतं. त्याला जुना कर्नल आणि त्याच्या जोडीची जुनी इमेज वेगळी ठेवून द्यावी. मात्र त्या कर्नलला सुरक्षेची अपडेट मिळणार नाहीत, म्हणून असं यंत्र इंटरनेटपासून दूर ठेवणंच बरं.

प्रत्येक यंत्राला वेगळा कर्नल देणं अवघड नाही. पीएक्सईलिनक्स हा बूटलोडर आपली कॉन्फिग फाइल शोधताना ०१ आणि त्यापुढे यंत्राचा मॅक पत्ता अशा नावाची फाइल पाहतो. ती नसेल तर आयपी पत्ता सोळाच्या पद्धतीने लिहिलेल्या नावाची. १९२.१६८.६७.२० असेल तर सी०ए८४३१४. तीही नसेल तर शेवटून एकेक अक्षर कमी करत जातो आणि सरतेशेवटी 'डिफॉल्ट' उघडतो. म्हणजे नवा कर्नल आणि इमेज वेगळ्या नावाने ठेवून आधी कोपऱ्यातल्या एकाच यंत्राच्या मॅक पत्त्याची फाइल बनवता येते. त्यावर आवाज, पेनड्राइव्ह आणि प्रिंटर दिवसभर वापरून पाहावे, मगच 'डिफॉल्ट'मध्ये बदल करावा. जुनी जोडी पुढचं सत्र संपेपर्यंत डिस्कवरून काढू नये.