धूळ आणि रणगाड्याचे इंजिन

रणगाडा म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे जाड पोलाद आणि लांब तोफ उभी राहते. परंतु रणगाड्याला रस्ता सोडून नांगरटीतून आणि वाळूतून चालावयाचे असते, आणि तेथे धूळ ही तोफगोळ्याइतकीच घातक ठरते. दुसऱ्या महायुद्धातील एका गाजलेल्या इंजिनाची हकिकत त्यासाठी पाहण्यासारखी आहे.

सोव्हिएत रशियाच्या टी-34 रणगाड्यात व्ही-2 नावाचे डिझेल इंजिन होते. खारकोव्हच्या कारखान्यात ते घडले. 12 सिलिंडर, 38.8 लिटर क्षमता, 500 अश्वशक्ती, आणि वजन हलके राहावे म्हणून ॲल्युमिनियमचा ब्लॉक. 1942 साली असा एक रणगाडा रशियाने अमेरिकेस पाठविला. मेरिलँडमधील ॲबर्डीनच्या लष्करी मैदानावर त्याची परीक्षा झाली. 343 किलोमीटर चालल्यावर इंजिन दुरुस्तीपलीकडे गेले. पिस्टन आणि सिलिंडर पार खराब झाले होते. मूळ दोष हवा गाळणाऱ्या फिल्टरचा होता.

एवढ्याशा फिल्टरने असे काय व्हावे? डिझेल इंजिनात ठिणगी पाडणारा प्लग नसतो. हवा जोराने दाबली की ती तापते, आणि त्या तापलेल्या हवेत डिझेलचा फवारा आपोआप पेटतो. म्हणजे सारा खेळ हवेचा आहे. हिशेबच करू. हे इंजिन दर दोन फेऱ्यांत एकदा आपली 38.8 लिटरची जागा हवेने भरते. मिनिटाला 1800 फेरे धरले, तर मिनिटाला सुमारे 35,000 लिटर हवा झाली. एवढी हवा धुळीच्या लोटातून ओढावयाची! धुळीतला गारेचा बारीक कण साध्या लोखंडाहून कठीण असतो. तो वंगणात मिसळला की व्हॉल्व्ह घासावयाच्या पेस्टसारखाच लगदा तयार होतो. रिंगा झिजतात, दाब निसटतो, हवा पुरेशी तापत नाही. इंजिन धूर ओकू लागते, ऑइल खाऊ लागते, आणि एके दिवशी सुरूच होत नाही.

त्या काळी रशियातील परिस्थितीही बिकट होती. 1941 मध्ये जर्मन फौजा जवळ येताच खारकोव्हचा इंजिन कारखाना उरल पर्वताकडील चेल्याबिन्स्कला हलविला गेला. तेथे बाया आणि पोरसवदा मुले लेथवर उभी राहिली. त्यांनी इंजिने घडविलीच. पण ती टिकावयाची तर हवा गाळण्याची सोय सुधारणे भाग होते. पुढे 'सायक्लोन' पद्धतीचा फिल्टर आला. यात हवेला गरगर फिरवून जड कण आधी बाहेर फेकतात, आणि मग तेलाने ओल्या केलेल्या जाळीत बारीक धूळ अडवितात.

याच घराण्यातले, 780 अश्वशक्तीचे इंजिन आपल्या सैन्याच्या टी-72 रणगाड्यात आहे. आपल्या अहिल्यानगरला चिलखती दलाचे शिक्षण केंद्र आहे, आणि राजस्थानच्या वाळूत हे रणगाडे चालतात. वाळूत फिल्टर लवकर भरतो. तो वेळेवर काढून, धुऊन, नीट घट्ट बसविणे हे माणसाचे काम आहे. बसविताना कडेला बारीक फट राहिली, तरी आधीची सारी मेहनत वाया जाते.

आम्ही कामगारांत वावरणारी माणसे. एका डेपोत नवा फिल्टर मागूनही मिळत नसे. जुनाच झटकून बसवा, असा हुकूम असे. पुढे इंजिन बसले, तेव्हा चौकशी मात्र ड्रायव्हर आणि मेकॅनिकची झाली. फिल्टर न देणाऱ्याला कोणी काही विचारले नाही. कामचुकार मेकॅनिक नसतात, असे आमचे म्हणणे नाही. परंतु इंजिनाचे आयुष्य जसे कारखान्यात ठरते, तसेच ते साफसफाईला दिलेल्या वेळात आणि वेळेवर मिळालेल्या सामानातही ठरते. म्हणून इंजिन बंद पडले की दोषी माणूस शोधण्याआधी एवढे विचारावे: फिल्टर शेवटचा केव्हा बदलला, आणि मागितला तेव्हा तो मिळाला होता काय?