रामाकोन्याच्या किराण्याचं खरं माप

पाच रुपयांचा बिस्किटाचा पुडा मध्य प्रदेशातल्या रामाकोना गावात आजही पाच रुपयांनाच मिळतो, फक्त हातात घेतला की हलका लागतो. घरखर्चाच्या वहीत नोंद तीच, पोराच्या वाट्याला बिस्किटं कमी. तेलाचं उलटं. वहीतला आकडा फुगलेला, कढईत तेल तेवढंच. म्हणून घराचा खर्च वाढला एवढ्यावरून घर सुधारलं असं म्हणता येत नाही. खर्चातून भाववाढ वजा केली की जे उरतं, तेवढीच खरी वाढ. देशाच्या उत्पन्नात घराघरांच्या खर्चाचा वाटा साठ टक्क्यांच्या आसपास असतो, त्यामुळे ही वजाबाकी चुकली तर साऱ्या अर्थव्यवस्थेचाच अंदाज चुकतो.

2011-12 मध्ये देशातल्या खेड्यांत माणशी महिन्याचा खर्च सरासरी 1,430 रुपये होता. 2022-23 च्या सरकारी घरखर्च पाहणीत तो 3,773 रुपये निघाला, म्हणजे अडीच पटीहून जास्त. पण 2011-12 च्याच भावांनी मोजला तर तो 2,008 रुपये भरतो. अकरा वर्षांतली खरी वाढ चाळीस टक्क्यांची, वर्षाला जेमतेम तीन टक्के. बाकीची सगळी वाढ भावांनी गिळली. मधल्या काळात काय घडलं, हे सांगू शकणारी 2017-18 ची पाहणी झाली होती. पण माहितीच्या गुणवत्तेचं कारण देऊन केंद्र सरकारने नोव्हेंबर 2019 मध्ये तिचे निष्कर्ष रोखले. मला हे मोठं नुकसान वाटतं. नोटाबंदीनंतरच्या खेड्याचं चित्र त्यामुळे कायमचं अर्धवट राहिलं.

जाणकारांचा आक्षेप असा, की या दोन पाहण्यांची तुलनाच होऊ शकत नाही. आधी एका भेटीत सगळे प्रश्न विचारले जायचे, 2022-23 मध्ये तीन भेटी दिल्या. वस्तूंची यादीही 347 वरून 405 वर गेली. विसरलेला खर्च आठवू लागला की आकडा आपोआप चढतो. आक्षेप खरा आहे, पण त्याने माझा मुद्दा पक्काच होतो, कारण मग चाळीस टक्क्यांतलीही काही वाढ मोजणीचीच ठरते. त्याहून गंभीर दोष वजाबाकीच्या मापात आहे. भाववाढ मोजणाऱ्या ज्या निर्देशांकाने हा हिशोब केला, तो 2011-12 च्या सवयींवर बेतलेला होता. त्यात खेड्यांसाठी खाण्यापिण्याचं वजन चोपन्न टक्के, पण 2022-23 मध्ये खेड्यांचा खाण्यावरचा खर्च प्रत्यक्षात सेहेचाळीस टक्क्यांवर आला होता. शिवाय सरासरी कुटुंब असं कुठे राहत नाही. त्या वर्षी खेड्यांतल्या तळच्या पाच टक्के लोकांचा माणशी खर्च 1,373 रुपये होता आणि वरच्या पाच टक्क्यांचा 10,501. डाळ-कांदा महागला की पहिल्याचं ताट रिकामं होतं, दुसऱ्याला जाणवतही नाही. दोघांनाही एकाच मापाने मोजणं अन्यायाचं आहे.

रामाकोन्याची अडचण आणखी वेगळी. 2023 मध्ये गावाचा पांढुर्णा जिल्हा वेगळा झाला, तरी मोजणीच्या वहीत गाव मध्य प्रदेशातच. तिथल्या खेड्यांचा 2022-23 चा माणशी खर्च 3,113 रुपये, सीमेपलीकडच्या महाराष्ट्राचा 4,010. पण इथली मोठी खरेदी आणि दवाखाना नागपूरकडे, संत्र्याचा व्यापारही तिकडेच. देशभर 2,61,746 कुटुंबं तपासली तरी त्यातून एका गावाचा आकडा निघत नाही, आणि राज्याच्या सरासरीत इथल्या सौंसर भागातला बागाईतदार दूरच्या कोरडवाहू गावांबरोबर मिसळून जातो. रेशनच्या फुकट धान्याचंही तसंच. घरातली चूल त्यावर पेटते, पण मुख्य आकड्यात त्याची किंमत शून्य. अशा सगळ्या फुकट मिळालेल्या वस्तूंच्या किमतीचा अंदाज धरला तर 3,773 चे 3,860 होतात. दवाखान्याचं बिल मात्र खर्चात पुरतं धरलं जातं. म्हणून खर्चाचा नुसता एकूण आकडा मला पुरत नाही. 2023-24 मध्ये खेड्यांचा खर्च 4,122 रुपयांवर गेला, म्हणजे नऊ टक्के वाढ. जुन्या भावांनी तो 2,079, म्हणजे साडेतीन टक्के. या साडेतीन टक्क्यांत दूध किती, औषध किती, हे प्रत्येक पट्ट्यासाठी वेगळं छापलं गेलं पाहिजे.