सुट्या पॅनेलची भिंत : बदलत्या कुटुंबाची सोय

मुलांच्या अभ्यासासाठी स्वतंत्र खोली हवी असते. पुढे तीच खोली आजी-आजोबांसाठी लागते आणि काही वर्षांनी पुन्हा मोठे दालन बरे वाटते. चंदीगडसारख्या नियोजित शहरातील घरेही यास अपवाद नाहीत. दर वेळी विटांची भिंत उभारणे वा पाडणे खर्चिक असते. अशा वेळी काढता-घालता येणाऱ्या पॅनेलचे पार्टिशन उपयुक्त ठरते.

भार खांब आणि स्लॅब यांनी पेलावा, भिंतीने केवळ जागा विभागावी, हा विचार या शहराचे शिल्पकार ल कॉर्बुझिए यांनी १९१४ च्या 'डोम-इनो' आराखड्यात मांडला होता. १९५८ मध्ये पूर्ण झालेले येथील सचिवालय अशाच काँक्रीटच्या सांगाड्यावर उभे आहे. मात्र जुन्या सेक्टरांतील अनेक घरांचा भार विटांच्या भिंतींवरच असतो. शिवाय २००२ च्या भारतीय मानकात चंदीगडचा समावेश भूकंपक्षेत्र ४ मध्ये होता. म्हणून कोणतीही जुनी भिंत काढण्यापूर्वी ती भारवाही आहे किंवा कसे, हे संरचना अभियंत्याकडून निश्चित करून घ्यावे.

वजनातील फरकही लक्षणीय आहे. साडेचार इंची, दोन्ही बाजूंनी गिलावा केलेली विटांची भिंत दर चौरस मीटरला सुमारे २५० किलो भरते. हलका पोलादी सांगाडा व दोन्ही बाजूंस १२ मिलिमीटर प्लायवूड असलेले पार्टिशन २५ ते ३० किलोंत होते. वरच्या मजल्याच्या स्लॅबवर याचा मोठा परिणाम होतो.

आराखडा करताना पुढील बाबी ध्यानात घ्याव्यात :

१. आठ फूट बाय चार फुटांच्या तक्त्यातून दोन फूट रुंदीची दोन पॅनेल निघतात. प्रत्येकाचे वजन सुमारे १२ किलो भरते. दोघांना ते सहज उचलता येते.

२. पॅनेल तिरक्या काप्याच्या पट्ट्यांवर अडकवावे. ते वर उचलून काढता येईल एवढी फट माथ्याशी ठेवावी.

३. पावसाळ्यात लाकूड फुगते. दोन पॅनेलमध्ये सुमारे ३ मिलिमीटर अंतर असावे. तळाशी चार इंची पक्की पट्टी बसविल्यास फरशी पुसताना पाणी लागत नाही.

४. विजेच्या तारा नळीतून न्याव्यात आणि स्विचबोर्ड न हलणाऱ्या भागावर बसवावा.

५. सांध्यांतून आवाज जातो. तेथे रबरी पट्टी व पोकळीत रॉकवूल भरावे. तरीही विटांच्या भिंतीइतकी शांतता अपेक्षू नये.

एक दक्षता महत्त्वाची आहे. घरातील खोली विभागणे वेगळे आणि एका घराची स्वतंत्र सदनिकांत वाटणी करणे वेगळे. पहिल्या टप्प्यातील सेक्टरांत अशा वाटणीस सर्वोच्च न्यायालयाने १० जानेवारी २०२३ रोजी मनाई केली आहे.

या कामासाठी कर्ज घ्यावयाचे असल्यास कंत्राटदाराचे तपशीलवार अंदाजपत्रक आधी तयार ठेवावे. त्यात सांगाडा, पॅनेल व वीजकाम यांचा खर्च स्वतंत्र दाखविलेला असावा. पुढे गरज बदलली तर काय टिकेल आणि काय नव्याने घ्यावे लागेल, याचा हिशेब त्यावरूनच मांडता येतो.