शेवटची कुस्ती किती वाजता?

डिसेंबरात आमच्याकडे घरात कापूस असतो. ओट्यावर, पडवीत, कधी थेट देवघरापर्यंत. २०१६ च्या डिसेंबरात अशाच एका संध्याकाळी आमचे आप्पा कापसाच्या ढिगाला टेकून बसले होते आणि दर दहा मिनिटांनी एकच प्रश्न विचारत होते, "शेवटनी कुस्ती कितला वाजता शे रे?"

पुण्याजवळ वारज्याला महाराष्ट्र केसरीची किताबी लढत व्हायची होती. एका बाजूला पुण्याचा अभिजित कटके, दुसऱ्या बाजूला आमच्या चाळीसगाव तालुक्यातल्या सायगाव बगळीचा विजय चौधरी. २०१४ ला अहमदनगरला आणि पुढच्या वर्षीच्या स्पर्धेत नागपूरला त्याने गदा घेतली होती. तिसऱ्यांदा घेतली तर खान्देशचा पोरगा नरसिंग यादवच्या ओळीत बसणार होता. गावात दुसरा विषयच नव्हता. पण कुस्ती कुठल्या वाहिनीवर दाखवणार, किती वाजता दाखवणार, हे गावात कोणालाच ठाऊक नव्हतं. आमच्या केबलवर धाकट्याने रिमोटने सगळ्या वाहिन्या दोनदा पालथ्या घातल्या. शेवटी पुण्यात कामाला असलेल्या भाच्याला फोन लावला. तो मैदानात होता. त्याच्या फोनमधून आधी नुसता गलका ऐकू आला आणि मग त्याचं ओरडणं, "आप्पा, जिंकला! तिसऱ्यांदा!" आप्पांनी डोक्यावरची टोपी काढली, पुन्हा घातली आणि डोळे पुसले. ती कुस्ती त्यांना दिसली नाही, फक्त ऐकू आली.

तेव्हापासून मी या स्पर्धेकडे एका वेगळ्या बाजूने बघतो. मल्ल कोण, डाव कोणता, हे तर बघतोच. पण ती कोणाला दिसते, कुठे दिसते, किती वाजता दिसते, हेही बघतो.

महाराष्ट्र राज्य कुस्तीगीर परिषद १९५३ ची. मामासाहेब मोहोळ यांनी ती उभी केली. महाराष्ट्र केसरीचा किताब १९६१ ला औरंगाबादला सुरू झाला आणि पहिला मान दिनकर दह्यारी यांना मिळाला. खान्देशाचा नंबर लगेच दुसऱ्या वर्षी लागला. १९६२ ची स्पर्धा धुळ्याला झाली आणि भगवान मोरे केसरी झाले. १९६६ ला जळगावात दीनानाथ सिंह यांनी किताब घेतला. १९७७ ला चाळीसगावात स्पर्धा झाली, पण किताबाचा निकालच लागला नाही. म्हणजे पहिल्या सतरा वर्षांत तीनदा यजमानपदाचा मान आमच्या भागात आला. मुंबई दूरदर्शन सुरू झालं २ ऑक्टोबर १९७२ ला. धुळे आणि जळगावच्या त्या दोन स्पर्धा झाल्या तेव्हा राज्यात टीव्हीच नव्हता आणि कुस्ती बघण्याचा एकच मार्ग होता, उठायचं आणि मैदानावर जायचं.

त्या काळात वेळापत्रक सूर्याचं असे. गावच्या जत्रेतला आखाडा आजही तसाच चालतो. अक्षय्य तृतीया, एकवीरा देवीची यात्रा, अमळनेरची वैशाखातली यात्रा असे दिवस ठरलेले. लाल माती आधी आठवडाभर चाळतात, तिच्यात ताक, तेल, हळद आणि लिंबाचा रस मुरवतात. दुपार कलली की रेवड्यांवरच्या कुस्त्या लागतात. सहा-सात वर्षांची पोरं लंगोट सावरत, एकमेकांच्या अंगावर माती टाकत भिडतात. मग पन्नासची, शंभरची, पाचशेची. इनाम चढत जातं तसे मल्लही वजनदार होत जातात. हलगीचा ठेका बदलतो. माणसं आतल्या बाजूला सरकतात आणि पंच काठी घेऊन त्यांना मागे हटवतात. शेवटची कुस्ती सूर्य बुडायच्या आत लागली पाहिजे, कारण त्यानंतर पाठ टेकली की नाही हे दिसणार नाही. या शिस्तीसाठी कोणाला घड्याळ बघावं लागत नाही. कुस्ती निकाली असते, म्हणजे एक चितपट होईपर्यंत चालते. अर्धा तास चालली तरी लोक उभे राहतात. आप्पांना लहानपणापासून हेच वेळापत्रक पाठ होतं, म्हणून ते विचारत होते, शेवटची कितीला?

गादीवरच्या कुस्तीने हा हिशेब पार बदलून टाकला. आंतरराष्ट्रीय नियमांची लढत सहा मिनिटांची. तीन-तीन मिनिटांच्या दोन फेऱ्या, मध्ये अर्ध्या मिनिटाचा दम. दहा गुणांची आघाडी झाली की लढत तिथेच संपते आणि चितपट झाली तर कुठल्याही क्षणी संपते. महाराष्ट्र केसरीत गादी विभागाचा विजेता आणि माती विभागाचा विजेता शेवटी समोरासमोर येतात. महिनोन् महिने ज्याची वाट बघायची ती लढत किती वेळ चालेल याचा काहीच भरवसा नाही. जानेवारी २०२३ ला पुण्यात कोथरूडला शिवराज राक्षेने महेंद्र गायकवाडला मिनिटाच्या आत चितपट केलं. त्याच वर्षी नोव्हेंबरात फुलगावला सिकंदर शेखने तर अर्ध्या मिनिटातच गदा घेतली.

क्रिकेटची मॅच तुम्हाला दिवसभर केव्हाही सापडते. जेवून या, झोपून या, ती चालूच असते. कबड्डी चाळीस मिनिटं खेळतात. पण ज्या खेळाचा मुकुट एका मिनिटाच्या आत एका डोक्यावरून दुसऱ्या डोक्यावर जातो, त्याची वेळ आधी माहीत नसेल तर तो बघायला मिळणं हा निव्वळ योगायोग. म्हणून मी म्हणतो, बाकी कुठल्याही खेळापेक्षा कुस्तीला नेमक्या वेळेची गरज जास्त आहे. मात्र शेवटच्या दिवशी सगळ्यात जास्त लांबते ती हीच वेळ. वेगवेगळ्या वजनगटांच्या लढती, मग पाहुण्यांचं आगमन, सत्कार, भाषणं. पहिलवान कडेला अंग गरम ठेवत थांबतात आणि गावाकडे लोक टीव्हीसमोर थांबतात.

शेतकऱ्याला तर असं थांबताही येत नाही. शेतीपंपाची वीज आमच्याकडे पाळीने येते, काही दिवस दिवसा तर काही दिवस रात्री. रात्रीची पाळी असली की जेवून टॉर्च घ्यायचा आणि शेतात मोटार चालू करायला जायचं. रब्बीतल्या गव्हाला, हरभऱ्याला पाणी द्यायचे दिवस नेमके महाराष्ट्र केसरीच्या मोसमातले. सहाची लढत रात्री नऊला लागली तर आमचा अर्धा गाव बांधावर असतो. वेळ पाळणं हा शिष्टाचाराचा प्रश्न नाही. कोण बघणार आणि कोण नाही, हे त्यावरच ठरतं.

वेळ पाळली तर काय होतं हे कबड्डीने दाखवून दिलं. प्रो कबड्डी २६ जुलै २०१४ ला मुंबईत वरळीला सुरू झाली. पहिल्याच हंगामापासून तिने संध्याकाळी आठची वेळ धरली आणि रोज धरली. अर्ध्या मिनिटाची चढाई केली, पडद्याच्या कोपऱ्यात सेकंद मोजणारं घड्याळ ठेवलं, खेळाडूचं नाव पाठीवर मोठ्या अक्षरात लिहिलं. आमच्या आळीत बायका भाकरी थापता थापता, "आठ वाजले, लावा रे कबड्डी," असं म्हणायला लागल्या. दुसऱ्या दिवशी पोरं शाळेच्या मैदानावर चुन्याने बोनस रेषा आखताना दिसली. आम्ही लहान होतो तेव्हा ती रेषा कोणाच्या खिजगणतीत नव्हती. २०१७ ला स्टार स्पोर्ट्स फर्स्ट ही मोफत वाहिनी फ्री डिशवर आली आणि तो खेळ पैसे न भरणाऱ्या घरांतही शिरला.

फ्री डिश म्हणजे गच्चीवरची किंवा कौलांच्या कडेला ठोकलेली छोटी छत्री. दूरदर्शनची ही सेवा डिसेंबर २००४ ला सुरू झाली. एकदाच छत्री आणि पेटी घ्यायची, पुढे दरमहा काही द्यायचं नाही. आमच्या भागात या छत्रीचं तोंड आग्नेयेला असतं. वाऱ्याने बोटभर सरकली की चित्राचे चौकोन पडायला लागतात. मग एकाने वर चढायचं, दुसऱ्याने खालून ओरडायचं, "आलं... गेलं... थांब, आलं!" केबलवाल्या घरांचं गणित वेगळं. फेब्रुवारी २०१९ पासून प्रत्येक वाहिनीची किंमत वेगळी झाली आणि एकेका क्रीडा वाहिनीला १९ रुपयांपर्यंत मोजायची वेळ आली. मजुरी करणाऱ्या घरात अशा तीन-चार वाहिन्या कोण घेणार?

मोठे सामने सर्वांना मोफत दिसावेत यासाठी देशात कायदा आहे. २००७ च्या कायद्याप्रमाणे राष्ट्रीय महत्त्वाच्या ठरवलेल्या सामन्यांचं चित्र खासगी वाहिन्यांना प्रसार भारतीला द्यावंच लागतं. पण ऑगस्ट २०१७ ला सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की ते चित्र दूरदर्शनने फक्त स्वतःच्या प्रक्षेपकांवरून आणि स्वतःच्या फ्री डिशवर दाखवायचं, खासगी केबलवरच्या दूरदर्शनवर नाही. म्हणून भारताचा क्रिकेट सामना चालू असताना छत्रीवाल्या घरात मॅच दिसते आणि शेजारच्या केबलवाल्या घरात त्याच दूरदर्शनवर दुसराच कार्यक्रम लागतो. शिवाय या यादीत ऑलिंपिक आहे, आशियाई स्पर्धा आहेत, भारतीय संघाचे सामने आहेत. महाराष्ट्र केसरी नाही. राज्याचा सर्वांत मोठा किताब, पण तो सर्वांना दिसलाच पाहिजे असं बंधन कोणावरही नाही.

आयर्लंडची गोष्ट इथे सांगण्यासारखी आहे. तिथे हर्लिंग नावाचा गावरान खेळ आहे. पंधरा-पंधरा जणांचे संघ, हातात अ‍ॅश लाकडाची वाकडी काठी आणि चामड्याचा लहान चेंडू. खेळाडूंना पगार नाही. शिक्षक, शेतकरी, गवंडी असे लोक खेळतात आणि आपापल्या परगण्यासाठी जीव टाकतात. २०२३ ला तिथले काही मोठे सामने फक्त पैसे भरून इंटरनेटवर बघता येत होते. त्यावरून देशभर वाद पेटला, राजकारणीही बोलले. इंटरनेट नीट चालत नाही त्या शेतावरच्या म्हाताऱ्यांनी आयुष्यभर जपलेला खेळ कसा बघायचा, असा सवाल होता. पण अखिल आयर्लंड अंतिम सामना मोफत वाहिनीवरच दिसला पाहिजे, हे तिथे सरकारी आदेशानेच ठरलेलं आहे. त्या एका सामन्याला कोणी कुलूप लावू शकत नाही. वाचताना मला त्या म्हाताऱ्यांच्या जागी आमचे आप्पा दिसले.

आपल्याकडे प्रयत्न झाले नाहीत असं नाही. नोव्हेंबर २०१८ ला झी टॉकीजने पुण्यात बालेवाडीला कुस्तीची दंगल भरवली. दिवे, मराठी समालोचन, संघ, सगळं नीट. संघ सहा होते: मुंबई, पुणे, सातारा, कोल्हापूर, मराठवाडा, विदर्भ. तीन वेळचा महाराष्ट्र केसरी देणाऱ्या खान्देशचा संघ त्यात नव्हता. ते मनाला लागलं आणि अजून लागतं.

मग मोबाईल आला. आता जत्रेतल्या छोट्या आखाड्यातही कोणीतरी बांबूला फोन बांधतो आणि कुस्ती यूट्यूबवर थेट जाते. शंकर पुजारींसारख्या निवेदकांचा आवाज कोल्हापूरच्या मैदानातून इकडे तापीकाठापर्यंत पोहोचतो. या छोट्या पडद्यामुळे पंचांच्या निर्णयाचीही उलटतपासणी सुरू झाली. जानेवारी २०२३ ला महेंद्र गायकवाडला बाहेरच्या टांगेचे चार गुण मिळाले आणि सिकंदर बाहेर पडला. तो तुकडा महाराष्ट्राने थांबवून थांबवून बघितला. फेब्रुवारी २०२५ ला अहिल्यानगरला शिवराज राक्षे आणि पृथ्वीराज मोहोळ यांच्या लढतीत खांदे टेकले की नाही, यावरून गावोगाव दोन तट पडले. पूर्वी असा वाद मैदानातल्या माणसांपुरता असायचा. आता वाद घालणाऱ्या प्रत्येकाच्या हातात पुरावा आहे. हे मला चांगलं वाटतं. बघणाऱ्यांची संख्या वाढली की पंचही जपून हात वर करतो.

मात्र एक नवा गुंता झाला. संघटनांच्या भांडणात वर्षाला दोन-दोन महाराष्ट्र केसरी होऊ लागल्या. २०२३ च्या नोव्हेंबरात एक फुलगावला झाली आणि दुसरी धाराशिवला. २०२५ ला एक अहिल्यानगरला, दुसरी त्याच जिल्ह्यात कर्जतला. आप्पांच्या प्रश्नाआधी आता आणखी एक प्रश्न येतो, यातली आपली कोणती? विजय चौधरीची तिसरी गदा कोणत्या परिषदेची, हे कोणाला कधी विचारावं लागलं नव्हतं.

फेब्रुवारी २०२५ ची अहिल्यानगरची किताबी लढत आम्ही पारावर बघितली. पंधरा-वीस माणसं आणि आठ-नऊ फोन. प्रत्येकाच्या फोनला रेंज वेगळी, त्यामुळे एकाच्या पडद्यावर मल्ल भिडलेले, दुसऱ्याच्या अजून हात मिळवत असलेले. आप्पांना आता नीट दिसत नाही, म्हणून नातवाने फोन त्यांच्या डोळ्यांपासून वीतभर अंतरावर धरला होता. त्यांचा फोन सगळ्यांत मागे होता. पिंपळाच्या त्या बाजूला आधी आरडाओरडा झाला. आप्पांनी हात वर करून सगळ्यांना गप्प केलं, "थांबा रे, कोनी सांगू नका," आणि पुन्हा पडद्यावर वाकले.