सुरू आणि सरल

हिमालयाची सहल करून आलेली मंडळी घरीं परतली, कीं आवारांतील सुरूच्या झाडाकडे बोट दाखवून मुलांना सांगते, "हें आपल्याकडचें पाइन!" आमच्या जालना जिल्ह्यांत हा समज सुशिक्षित घरांतूनही आढळतो. कोणी तर पाइनचें रोप आणून अंगणांत लावण्याचा विचार करितात. म्हणून या वृक्षाविषयीं चार शब्द.

दोहोंची परीक्षा सोपी आहे. सुरूची हिरवी काडी हलकेच ओढावी. ती पेरापाशीं सुटते. कारण ती पान नसून बारीक डहाळी आहे, आणि तिच्या पेरांवरील सूक्ष्म खवले हींच खरीं पानें. पाइनची सुई मात्र एकसंध असते, व तिच्या जुड्या असतात. हिमालयांतील चीड या जातीच्या जुडींत तीन सुया, तर कैल या जातीच्या जुडींत पांच.

सुरूला फुलें येतात. पाइनला खरें फूल वा फळ नाहीं, त्यास शंकू येतात. वसंतांत नर शंकूंतून पिवळा पराग उडतो व वारा तो मादी शंकूंपर्यंत नेतो. पुढें चिडाचा शंकू पिकण्यास सुमारें दोन वर्षें लागतात. मग उन्हाच्या तापानें त्याचे खवले उकलतात आणि पंख असलेलें बीं वाऱ्यावर दूर जातें. सुक्या मेव्याच्या दुकानांतील चिलगोजा हें एका हिमालयी पाइनचेंच बीं होय.

हा वृक्ष आपल्या वाङ्मयास परका नाहीं. संस्कृतांत चिडास 'सरल' म्हणतात. देवदार त्याहून निराळा. हत्तींनीं अंग घासल्यामुळें सरलांतून झरणारा सुगंधी चीक कालिदासानें कुमारसंभवांत वर्णिला आहे, आणि सरलांच्या घर्षणानें पेटणारा वणवा मेघदूतांत. अमरकोशांत या चिकास 'सरलद्रव' असेंच नांव आहे. झाडास जखम झाली, कीं हा चीक ती बुजवितो. तो ऊर्ध्वपातित केला म्हणजे टर्पेंटाइन तेल निघतें आणि मागें राळ उरते. सारंगीच्या गजाला घासतात ती हीच. चिकामुळें व गळालेल्या सुयांच्या थरामुळें चिडाचें वन लवकर पेटतें. उत्तराखंडांत आजही उन्हाळ्यांत असे वणवे लागतात. मात्र ते बहुधा मनुष्याच्या हातूनच.

आतां अंगणाचा प्रश्न. भारतांत पाइनचें मूळ घर हिमालय व ईशान्येकडील डोंगर. सह्याद्रींत तो आपोआप उगवत नाहीं. उतारावरच्या निचऱ्याच्या भूमीस सरावलेल्या या झाडास आमची काळी जमीन कशी मानवावी? ती पावसाळ्यांत चिकट होते आणि उन्हाळ्यांत भेगाळते. शिवाय पाइनच्या मुळांना कांहीं विशिष्ट बुरशींची सोबत लागते. ती जेथें नव्हती, त्या देशांत लावलेलीं रोपें खुरटून राहिल्याचा अनुभव आहे.

जालना जिल्ह्यानें २०१२-१३ च्या दुष्काळांत टँकरची वाट पाहिली आहे. अशा ठिकाणीं रोपाला घातलेला प्रत्येक तांब्या हिशेबाचा असतो. तो न जगणाऱ्या पाहुण्यास घालण्यापेक्षां कडुनिंबास घालावा. दोन-तीन उन्हाळे त्यास जपलें, म्हणजे पुढें तो आपली तहान आपणच भागवितो आणि नातवंडांना सावली देतो.